पावसाचे पाणी आणि नगराची व्यवस्था

मृग लागला म्हणजे शेतकरी आकाशाकडे पाहतो आणि मुंबईकर रस्त्याकडे. एकास पाऊस येतो की नाही ह्याची काळजी, तर दुसऱ्यास आलेला पाऊस जातो की नाही ह्याची. चार घटका जोराची सर आली की सखल भागांत गुडघाभर पाणी साचते, गाड्या थांबतात, मुले शाळेत अडकून पडतात, आणि तळमजल्यावरील बिऱ्हाडांत धान्याचे डबे माळ्यावर चढविण्याची धांदल उडते. अशा वेळी ‘म्युनिसिपालिटी काय करते?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. प्रश्न रास्त आहे; किंबहुना तो विचारलाच पाहिजे. परंतु तो विचारून थांबणाऱ्यास उत्तर मिळत नाही. नगरसंस्थेने काय करावयाचे असते, त्यात अडचणी कोणत्या, कोणत्या अडचणी निसर्गाच्या आणि कोणत्या माणसाच्या, हे ज्यास ठाऊक आहे त्याच्याच प्रश्नास धार येते. यास्तव मुंबईचे उदाहरण घेऊन हा विषय आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. पावसाच्या पाण्याची व्यवस्था लावणे ही नगरसंस्थेची मेहेरबानी नव्हे. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने पालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची ठरविली आहेत. काही केलीच पाहिजेत, आणि काही सवडीप्रमाणे केली तरी चालतील. गटारे बांधणे, ती सुस्थितीत ठेवणे व साफ करणे ह्यांची गणना पहिल्या प्रकारात होते. शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर हा ऐच्छिक विषय नव्हे, आवश्यक विषय होय. आणि आवश्यक विषयात नापास झालेल्यास इतर विषयांतील गुण तारू शकत नाहीत.

आता हे शहर कशावर वसले आहे ते पाहू. मुंबई ही मूळची सात बेटे. त्यांच्या मधून भरतीचे पाणी ये-जा करीत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी ह्या गव्हर्नराच्या काळी वरळीजवळचे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे टेकड्या फोडून व भराव घालून बेटे एकमेकांस जोडण्यात आली. अशा रीतीने जी भूमी मिळाली ती राहण्याजोगी झाली खरी. परंतु तिची उंची मात्र फारशी वाढली नाही. भायखळा, ताडदेव, महालक्ष्मी ह्या बाजूंस पुष्कळ जमीन पूर्वी समुद्राचीच होती. उमरखाडी हे नाव अद्यापि तेथील जुन्या खाडीची आठवण करून देते. आणि पाण्यातून चालत आलेले लोक जेथे पाय धूत ती पायधुणी, अशी त्या नावाची कथा लोक सांगतात. नकाशावर जमीन दिसली म्हणजे पाणी आपली जुनी वाट विसरले असे समजू नये. माणसास दोन पिढ्यांत विसर पडतो. पाण्यास उतार तेवढा ठाऊक असतो.

रस्त्यावर पडलेले पाणी समुद्रापर्यंत कसे जाते? रस्ता मध्ये किंचित उंच व कडेस किंचित उतरता केलेला असतो. कडेच्या जाळीतून पाणी खालच्या लहान नळात उतरते. असे अनेक नळ मिळून मोठे गटार होते. मोठी गटारे नाल्यास मिळतात. आणि नाला आपल्या मुखाशी खाडीत किंवा समुद्रात रिकामा होतो. मैला वाहून नेणारी गटारे निराळी, आणि ही पावसाळी गटारे निराळी. जुन्या शहरात ती बहुतेक रस्त्याखाली झाकलेली असून त्यांपैकी कित्येकांचे बांधकाम शंभर वर्षांहून जुने आहे. उपनगरांत उघडे नाले पुष्कळ. ह्या सर्व साखळीत कोठेही एक कडी अडली की मागचे सर्व पाणी थांबते. जाळीच्या तोंडाशी अडकलेली एक पिशवी आणि खाडीच्या तोंडाशी टाकलेला भराव ह्यांत आकाराचा भेद मोठा, पण गुण एकच.

किती पाणी वाहून न्यावयाचे, हे इंजिनिअर हिशेबाने ठरवितो, आणि तो हिशेब आमच्या सहाव्या-सातव्या इयत्तेतील मुलांसही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. शंभर मीटर लांब व पन्नास मीटर रुंद असे एक पटांगण घ्या. त्याचे क्षेत्रफळ ५,००० चौरस मीटर. त्यावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर १,२५,००० लिटर पाणी पडले. आता हे पटांगण मातीचे असेल तर त्यातील बराच भाग जमिनीत मुरेल. फरशीचे किंवा डांबराचे असेल तर जवळजवळ सर्वच वाहून रस्त्यावर येईल.

मुंबईची जुनी गटारे ह्याच मापाने बांधलेली होती. तासास २५ मिलिमीटर पाऊस, आणि त्यातील अर्धे पाणी मुरेल व अर्धेच गटारात येईल, असे गृहीत धरले होते. म्हणजे आमच्या पटांगणाचे ६२,५०० लिटर वाहून नेले की गटाराचे काम झाले. ज्या काळी वाड्यांभोवती आवार होते, वाड्या होत्या, भातखाचरे होती, त्या काळी हे गृहीत चुकीचे नव्हते. पुढे शहर वाढले, अंगणे गेली, माती झाकली गेली. मग तज्ज्ञांनी नवे माप सुचविले: तासास ५० मिलिमीटर पाऊस, आणि मुरणारे पाणी शून्य. ह्या मापाने त्याच पटांगणाचे पाणी २,५०,००० लिटर होते. म्हणजे पावसाचे माप दुप्पट धरले, परंतु गटारावरील भार चौपट झाला. ह्या चौपटीतील एक दुप्पट पावसासाठी धरलेली आहे. दुसरी दुप्पट आपण आपल्या हातांनी माती झाकून आणलेली आहे. हा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत उतरून ठेवावा. पाणी तुंबण्याचे निम्मे रहस्य त्यात आहे.

उरलेले निम्मे समुद्राकडे आहे. समुद्रास दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक काळ जातो. नाल्याचे मुख भरतीच्या पातळीखाली असेल तर त्या वेळी शहरातील पाणी बाहेर पडावयाचे राहिले बाजूसच, उलट समुद्राचे पाणी आत शिरू पाहते. मुंबईची पावसाळी गटारे ज्या मुखांनी रिकामी होतात अशी मुखे १८६ मोजण्यात आली. त्यांतील ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. १३५ सरासरी पातळीच्या वर, परंतु भरतीच्या पातळीखाली. आणि भरतीच्याही वर राहणारी अवघी ६. तात्पर्य, ह्या नगराच्या घराचा मागचा दरवाजा समुद्राच्या हाती आहे, आणि तो दिवसातून दोनदा बंद होतो. ओहोटीत शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर कदाचित निभावेल. मोठ्या भरतीच्या ऐन वेळी त्याच्या निम्म्यानेही रस्ते भरतील. ज्या दिवशी साडेचार मीटरांहून उंच भरती असेल त्या दिवसांची यादी पालिका पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करते, ती ह्यासाठीच. पालकांनी ती यादी घरात पंचांगाशेजारी लावून ठेवावी असे आम्ही सुचवितो.

ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या म्हणजे काय होते, हे २६ जुलै २००५ ह्या दिवशी दिसले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यातही बराच भाग दुपारपासून रात्रीपर्यंतच्या थोड्या तासांत कोसळला. त्याच चोवीस तासांत शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्यात ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एका नगराचा एक भाग बुडत होता आणि दुसऱ्या भागास त्याची कल्पनाही नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास समुद्रास जवळजवळ साडेचार मीटरांची भरती होती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. कित्येक जण मोटारींत गुदमरले, कित्येक दरडीखाली सापडले, कित्येक वाहून गेले. सहस्रावधी लोकांनी ती रात्र कचेऱ्यांत, बसगाड्यांत, शाळांच्या वर्गांत काढली. आणि अनोळखी माणसांस घरात घेऊन चहा-भात देणारी घरेही त्याच रात्री असंख्य निघाली, हेही नमूद केले पाहिजे.

एवढा पाऊस कोणत्याही गटारात मावणारा नव्हता, हे खरे आहे. तासास ५० मिलिमीटरांच्या मापाने बांधलेले गटारही त्यापुढे टिकले नसते. परंतु ‘पाऊसच तसा होता’ एवढे म्हणून विषय मिटविणे हे अर्धसत्य होईल. मिठी नदीचे उदाहरण घ्या. विहार व पवई ह्या तलावांचे सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत विमानतळासाठी तिचे पात्र वळविण्यात आले. दोन्ही काठांवर कारखाने, गोदामे व झोपड्या वाढल्या. मुखाजवळ वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीच्या पाणथळ जमिनीवर भराव पडला. लोक तिला नदी म्हणावयाचे विसरले व नाला म्हणू लागले. ज्याचे नाव गेले त्याचा मानही जातो, आणि मान गेला की जागाही जाते. २६ जुलैस ती जागा नदीने परत घेतली, ती मात्र बहुधा ज्यांनी भराव घातला त्यांच्या दारातून नव्हे, तर तिच्या काठी निरुपायाने राहिलेल्यांच्या दारातून.

ह्याहून मनास लागणारी गोष्ट निराळीच आहे. १९८५ साली मुंबईत मोठे पाणी भरले होते. त्यानंतर पावसाळी गटारांची समग्र पाहणी करविण्यात आली, आणि १९९३ साली तिचा अहवाल पालिकेच्या हाती आला. गटारांची क्षमता दुप्पट पावसाच्या मापाने वाढवावी, मुखांशी दरवाजे व पंप बसवावेत, नाले रुंद करावेत, अशी योजना त्यात होती. ‘ब्रिमस्टोवॅड’ ह्या नावाने ती ओळखली जाते. अहवाल विद्वत्तेचा होता. परंतु पुढील बारा वर्षांत त्यातील थोडेच काम झाले. महापुरानंतर माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. केंद्र सरकारने २००७ साली १,२०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आणि मग कामास गती आली. खर्चाचा आकडा पुढे त्याहूनही कितीतरी वाढला. ज्ञान नव्हते म्हणून ही बारा वर्षे गेली नाहीत; ज्ञान कपाटात होते. वैद्याने लिहून दिलेले औषध उशाखाली ठेवल्याने ताप उतरत नाही, हे जसे घरात, तसेच नगरात.

त्यानंतर जे झाले तेही न्यायाने सांगितले पाहिजे. मिठी नदीसाठी २००५ सालीच स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले व तिचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या निरनिराळ्या भागांत आपोआप पाऊस मोजणारी यंत्रे बसविली गेली, त्यामुळे कुलाब्याचे आकाश पाहून अंधेरीचा अंदाज बांधण्याची पाळी राहिली नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझधरबंध अशा ठिकाणी मोठी उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीच्या वेळी नाल्याच्या मुखाशी दरवाजे बंद करून समुद्रास बाहेर ठेवावयाचे, आणि आत साचलेले पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकावयाचे, हे त्यांचे काम. असला एकेक पंप सेकंदास ६,००० लिटर पाणी फेकतो. आमच्या पटांगणावरील २,५०,००० लिटर उपसावयास त्यास पाऊण मिनिटही पुरे. परंतु पंप कितीही बलवान असला तरी पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. वाटेतील गटारे अरुंद किंवा गाळाने भरलेली असतील तर पंप कोरडा आणि रस्ता ओला, असा प्रकार होतो.

अलीकडे ह्या शास्त्रात एक नवा विचार रूढ होऊ लागला आहे, आणि तोच आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी शक्य तितक्या लवकर हाकलावे हा जुना विचार. त्यास भरती उतरेपर्यंत थांबावयास जागा द्यावी हा नवा. दादर-परळच्या मध्ये हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग वर्षानुवर्षे बुडत आला. तेथील पाणी वळवून साठविण्यासाठी जवळच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली व परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधण्यात आल्या. सर येते तेव्हा पाणी टाकीत जाते. ओहोटी लागली म्हणजे ते सावकाश सोडून देतात. वर मुले खेळतात आणि खाली पाणी आपली वेळ येईपर्यंत वाट पाहते.

विचार नवा म्हटला खरा, परंतु निसर्गाने तो फार पूर्वी अमलात आणला होता. मोकळे मैदान, तळे, मिठागर, आणि खाडीकाठची तिवरांची झाडी ही सर्व पाण्याची विनामूल्य विश्रांतिस्थाने होत. तेथे पाणी पसरते, वेग सोडते, गाळ टाकते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्कावर आघात होय असा निर्णय दिला, त्यामागे हेच तत्त्व आहे. ज्या मैदानास आपण ‘रिकामी जागा’ म्हणतो ती रिकामी नसते. ती वर्षातून पंधरा-वीस दिवस कामावर असते, आणि त्या दिवसांचे मोल उरलेल्या वर्षाच्या भाड्याहून अधिक असते. कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीखाली टाकी खोदणे आणि जमिनीवरचे तळे बुजविणे ह्या दोन गोष्टी एकच नगर एकाच काळी करू लागले, तर त्यास शहाणे कोण म्हणेल?

आता नागरिकांचा वाटा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पालिका नालेसफाई करविते. काढलेला गाळ सुकण्यासाठी काठावर पसरतात, आणि तो वेळेवर उचलला नाही तर पहिल्याच सरीने पुन्हा नाल्यात उतरतो. हे पाहणे अधिकाऱ्यांचे काम आणि ते होते की नाही हे पाहणे करदात्यांचे. उलट, ज्या नाल्यातून सकाळी गाळ काढला त्यातच सायंकाळी कचऱ्याची पिशवी भिरकावणारा मनुष्य म्युनिसिपालिटीस दोष देण्याचा आपला हक्क गमावून बसतो. २००५ च्या पुरानंतर पातळ प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध नियम कडक झाले. परंतु नियम कागदावर असतो आणि पिशवी हातात. आणखी एक इशारा मुलांस देणे अवश्य आहे. साचलेले पाणी लवकर जावे म्हणून रस्त्यातील मॅनहोलचे झाकण कोणी कधीही काढू नये. ते भोक पाण्याखाली दिसत नाही, आणि २०१७ सालच्या ऑगस्टातील पुरात अशाच उघड्या तोंडातून मनुष्य वाहून गेल्याचे सर्व मुंबईने पाहिले. पाण्यातून चालणे भागच पडले तर काठी पुढे टेकीत, भिंतीच्या कडेने व शक्यतो एकमेकांचा हात धरून चालावे.

तथापि सर्व दोष पिशवीवर टाकणेही आम्हांस मान्य नाही. पिशवीने जाळी तुंबते. नदी अरुंद होते ती परवानगीने. कोठे भराव घालू द्यावा, कोठे इमारत होऊ द्यावी, कोणते मैदान राखावे, अहवालातील कोणते काम यंदा व कोणते पुढील वर्षी, हे सभागृहात व कचेरीत ठरते, आणि तेथे माणसे आपण पाठवितो. सखल भागात कोण राहतो, हेही लक्षात आणावे. उंचावरची जागा महाग, म्हणून ती श्रीमंताची. नाल्याकाठची जागा कोणास नको, म्हणून ती गरिबाची. पाणी उताराकडे जाते असे भूगोलाचे पुस्तक सांगते. त्या उताराच्या पायथ्याशी कोणाची चूल आहे, हे आपले आपण पाहावयाचे असते. वरच्या घराने आपल्या अंगणास फरशी बसविली, तर तिचे पाणी खालच्या घराच्या उंबऱ्याशी जाते. म्हणून अंगणाचा एखादा कोपरा मातीचा ठेवणे, छपराचे पाणी हौदात किंवा विहिरीत उतरविणे, ही केवळ काटकसर नव्हे. तो शेजारधर्म आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एक अभ्यास सांगतो. येत्या पावसाळ्यात, पाऊस थांबल्यावर, आपल्या घराच्या दारापासून पाणी कोणत्या बाजूस जाते ते पाहा. कोणती जाळी, कोणते गटार, कोणता नाला, कोणती खाडी, हे वडील मंडळींस विचारून त्याचा नकाशा काढा. वाटेत जेथे पाणी थांबते तेथे खूण करा, आणि का थांबते ते लिहा. पालकांनी त्या नकाशाची एक प्रत आपल्या भागातील पालिकेच्या कचेरीत नेऊन द्यावी व कामाचे काय झाले ते पुढील महिन्यात पुन्हा जाऊन विचारावे. पहिल्या खेपेस उत्तर मिळणार नाही असे समजून दुसऱ्या खेपेची तयारी ठेवावी. उत्तम नगरसंस्था ही उत्तम इंजिनिअरांनी अर्धी आणि चिकाटीने विचारणाऱ्या नागरिकांनी अर्धी घडते.

पाऊस हा शत्रू नव्हे. तलाव भरले नाहीत तर हेच शहर घागर घेऊन दारोदार फिरेल. त्यास वाट हवी, थांबावयास जागा हवी, आणि समुद्राचा दरवाजा उघडेपर्यंत थोडा वेळ हवा. ह्या तीन गोष्टी जे नगर विचारपूर्वक देते त्याच्या रस्त्यांवरून तो पाहुण्यासारखा निघून जातो. जे देत नाही त्याच्या घरात तो विचारल्यावाचून शिरतो. एवढे जरी आमच्या वाचकांच्या मनात ठसले, तरी ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.